दुःख कोणाच्या पापाचें?

एखाद्या घरावर आपत्ति कोसळली म्हणजे समाचाराला येणाऱ्या मंडळींच्या तोंडचें पहिलें वाक्य बहुधा ठरलेलें असतें. "काय करणार, ज्याचें त्याचें प्रारब्ध!" बोलणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नसतो, दुसरें कांहींच सुचत नाहीं म्हणून बिचारा हें बोलतो. परंतु ऐकणाऱ्याच्या कानांत त्या वाक्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध आपोआप वाजतो, कीं पूर्वजन्मीं तूंच कांहीं केलें असशील! जिचा नवरा पंचविसाव्या वर्षीं गेला ती बाई, किंवा ज्याचें मूल जन्मतः आंधळें निपजलें तो बाप, यांना हा उत्तरार्ध आयुष्यभर पुरतो.

हा प्रश्न आपल्याच देशांत उत्पन्न झाला असें मात्र नाहीं. ख्रिस्ती लोकांच्या योहानकृत शुभवर्तमानांत नवव्या अध्यायाच्या आरंभीं एक प्रसंग आहे. येशू शिष्यांसह वाटेनें जात असतां एक जन्मांध मनुष्य दृष्टीस पडतो. शिष्य गुरूला विचारतात कीं हा आंधळा जन्मास आला तो कोणाच्या पापामुळें, ह्याच्या स्वतःच्या कीं ह्याच्या आईबापांच्या? आपल्या एखाद्या शास्त्रीबोवांच्या पाठशाळेंत शोभेल असाच हा प्रश्न! येशूचें उत्तर मात्र शिष्यांच्या अपेक्षेबाहेरचें आहे. ह्यानेंही पाप केलें नाहीं आणि आईबापांनींही केलें नाहीं. ईश्वराचें कार्य ह्याच्या ठायीं प्रगट व्हावयाचें आहे, असा त्या उत्तराचा आशय. आणि एवढें बोलून तो पुढें चालूं लागत नाहीं. माती ओली करून त्या मनुष्याच्या डोळ्यांस लावतो व त्याला कुंडावर जाऊन डोळे धुण्यास सांगतो.

मी जन्मानें व श्रद्धेनें हिंदु आहें. कोणाचें मन आपल्या धर्मावरून उडवावें हा ह्या लेखाचा हेतु नाहीं. परंतु ह्या जन्मांधाच्या कथेपाशीं आमच्याच एका शास्त्र्याची कन्या कशी येऊन पोंचली, आणि तिनें आपल्या वांट्यास आलेल्या दुःखाचें काय केलें, हें सुशिक्षित घरांतून जितकें माहीत असावयास हवें तितकें माहीत नाहीं. पंडिता रमाबाईंचें नांव घेतलें कीं आपल्याकडील वडील माणसें एकच गोष्ट सांगत आलीं, ती म्हणजे त्या बाटल्या. त्यापूर्वीं काय झालें आणि त्यानंतर काय झालें, हें सांगण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहींत.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोंकणस्थ ब्राह्मण. तरुणपणीं पुण्यास विद्याभ्यास करीत असतां पेशव्यांच्या घरांतील एक स्त्री संस्कृत शिकत असल्याचें त्यांनीं पाहिलें आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचें असा निश्चय केला. पहिल्या पत्नीनें तें जुमानलें नाहीं. दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र शिकल्या, आणि त्याबद्दल शास्त्रीबोवांना विद्वानांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला. पुढें ते सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें आश्रम करून राहिले. तेथेंच ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. अतिथिसत्कारांत व विद्यार्थ्यांच्या पोषणांत होतें तें द्रव्य संपलें आणि हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. त्या वेळीं रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोंगराखालीं आणलें. त्यानंतर आईनें मुलीस वाटेंत, देवळांच्या ओवऱ्यांत, झाडाखालीं बसून संस्कृत शिकविलें. भागवत त्यांना मुखोद्गत होतें. पुराण सांगावें, येईल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरलें तें दानधर्मांत घालावें, असा ह्या कुटुंबाचा क्रम होता.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. त्याची हकीगत रमाबाईंनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे, आणि ती वाचतांना आंगावर कांटा उभा राहतो. द्रव्य संपलें, भांडींकुंडीं, वस्त्रें विकून झालीं. देव प्रसन्न व्हावा म्हणून जप, उपोषणें, ब्राह्मणभोजनें चाललींच होतीं. शास्त्रीबोवांनीं आयुष्यांत दुसरा कोणता उद्योग केला नव्हता आणि मुलांनाही करूं दिला नव्हता. भीक मागणें जमेना आणि मजुरी करणें शोभेना. शेवटीं रानांत अकरा दिवस पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर वृद्ध अनंतशास्त्र्यांनीं पवित्र तीर्थांत देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हां थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला कीं मी मजुरी करीन. ब्राह्मण्याचा अभिमान एका क्षणांत गळून पडला खरा. पण त्या वेळेपर्यंत उशीर झाला होता. वडील गेले. त्यांच्या पाठोपाठ दीड महिन्यांत आई अंथरुणास खिळली. आईच्या तोंडांत घालावयास कांहीं नव्हतें म्हणून रमाबाई एका शेजारणीच्या दारीं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. संस्कृत श्लोकांचा ओघ जिच्या मुखांतून वाहत असे तिच्या तोंडून त्या दारांत शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईला ती गिळवली नाहीं.

आई गेल्यावर तिरडी उचलावयास माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण तयार झाले; उरलेल्या दोन बाजू बहीणभावांनीं धरल्या. स्मशान तीन मैलांवर. रमाबाई उंचीनें ठेंगण्या असल्यामुळें त्यांच्या बाजूचा दांडा खांद्यावर ठेवतां येईना. तो त्यांनीं डोक्यावर घेतला.

पुढें थोरली बहीणही गेली. राहिलीं तीं रमाबाई व श्रीनिवास. दोघांनीं हजारों मैल पायीं प्रवास केला. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीच्या रात्रीं पांघरूण नव्हतें, म्हणून वाळूंत दोन खड्डे खणून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेऊन हीं दोघें निजत. रानफळांच्या बियासुद्धां पोटांत गेल्या. देवांवरील त्यांची श्रद्धा उडाली ती ह्याच काळांत. कोणा पाद्र्यानें ती उडविली नाहीं, आणि तोंवर त्यांची कोणा पाद्र्याशीं म्हणण्यासारखी गांठही पडली नव्हती. ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. हा त्यांच्या गौरवाचा काळ. तो फार टिकला नाहीं. १८८० मध्यें श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ मध्यें मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेला. वय चोविशीच्या आंत, आणि मागें आईबाप, बहीण, भाऊ व पति अशा पांच चिता! आमच्या समाजानें अशा स्त्रीसाठीं तयार ठेवलेलें उत्तर वर सांगितलेंच आहे.

येथें थोडें विषयांतर करून मला आमच्या कर्मसिद्धांताविषयीं बोललें पाहिजे, नाहींतर मी पक्षपाती ठरेन. हा सिद्धांत मनुष्य स्वतःच्या दुःखास लावतो तेव्हां त्यांतून धैर्य उत्पन्न होतें. माझें मीच भोगीत आहें, दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचें कारण नाहीं, ही वृत्ति लहान नव्हे. तोच सिद्धांत शेजाऱ्याच्या दुःखास लावला कीं हृदय कठीण होतें. औषध तेंच, पण एकानें घेतलें तर पथ्य आणि दुसऱ्यास पाजलें तर विष! आमच्याच ग्रंथांत ह्याहून निराळी दृष्टि नाहीं असेंही नाहीं. भागवतांतील कुंती श्रीकृष्णाजवळ आपत्ति मागते, कारण आपत्तींत त्याचें दर्शन घडतें. तुकोबांच्या घरीं दुष्काळानें अन्नावांचून बायको मेली, दिवाळें निघालें, आणि तेंच बरें झालें, त्यानेंच विठ्ठलाची वाट दाखविली, असें ते स्वतः सांगतात. भागवत तोंडपाठ असलेल्या रमाबाईंना कुंतीची प्रार्थना माहीत नव्हती असें संभवत नाहीं. पण विधवेच्या अंगणांत तिची आठवण कोण काढतो? तेथें सर्वांना प्रारब्धच आठवतें.

ख्रिस्ती धर्मांतही सर्व कांहीं सोपें व गोड आहे अशी कोणी कल्पना करूं नये. त्यांच्या जुन्या करारांतील ईयोबाचा ग्रंथ पाहावा. ईयोब हा सदाचारी पुरुष. त्याचें धन गेलें, मुलें गेलीं, शरीर फोडांनीं भरलें. तीन मित्र समाचारास आले आणि सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसून राहिले. तेवढेंच काय तें त्यांनीं चांगलें केलें म्हणावयाचें! आठव्या दिवशीं त्यांनीं तोंड उघडलें आणि तूं पाप केलें असलेंच पाहिजेस असा धोशा लाविला. ग्रंथाच्या शेवटीं देव रागावतो तो ह्या मित्रांवर. देवाशीं उघड भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. मात्र तुझ्यावर हें कां आलें, याचें सरळ उत्तर ईयोबास अखेरपर्यंत मिळत नाहीं. आमच्या नैयायिकांना हा शेवट अपुरा वाटेल. ज्यानें खरें दुःख भोगलें आहे त्याला तो तसा वाटेल असें मला वाटत नाहीं.

नव्या करारांत ह्याच्या पुढची पायरी आहे. तेथें ईश्वर दुःखाचा खुलासा करीत बसत नाहीं. तो स्वतः त्यांत उतरतो. धरला गेला त्याच रात्रीं, धरला जाण्याच्या आधीं, येशू बागेंत गुडघे टेकून हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो. क्रूसावर असतां देवानें आपल्याला टाकलें कीं काय असा त्याचा आक्रोश आहे. ज्याला हे लोक देवाचा पुत्र मानतात तोही दुःखाला दुःखच म्हणतो, त्याला गोड म्हणत नाहीं. पौलालाही शरीरांत सलणारा एक कांटा होता. तो काढावा म्हणून त्यानें तीनदां विनंति केली आणि उत्तर मिळालें कीं माझी कृपा तुला पुरेशी आहे. कांटा तसाच राहिला. दुःखानें मनुष्य वाढतो असें हे लोक म्हणतात तेव्हां त्यांचा अभिप्राय असा, कीं दुःखांत सोबत असते आणि त्या सोबतीनें मनुष्य वाढतो. तीस-पस्तीस वर्षें मुलांत घालविल्यावर मला हें पटूं लागलें आहे. नुसत्या शिक्षेनें सुधारलेलें मूल माझ्या पाहण्यांत क्वचितच आलें. सुधारलीं तीं बहुतेक मुलें कठीण प्रसंगीं कोणी तरी जवळ उभें राहिल्यामुळें.

आतां रमाबाईंकडे वळूं. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्यें वैद्यकी शिकण्याच्या इराद्यानें इंग्लंडास गेल्या. तेथें त्या वाँटेज गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या मठांत उतरल्या. पण कान अधू होऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं तेथेंच मनाच्या विकल अवस्थेंत आपला जीव दिला. परक्या मुलखांत, बहिरेपण येत असतां, कडेवर लहान मूल घेऊन ह्या बाईनें ते दिवस कसे काढले असतील?

ह्याच सुमारास त्या भगिनींनीं लंडनजवळील फुलहॅम येथें चालविलेलें एक आश्रयस्थान त्यांना दाखविलें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या बायका तेथें राहत, आणि कुलीन घरच्या स्त्रिया त्यांची प्रेमानें शुश्रूषा करीत. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांवर कोणी दया करावी असें सांगणारें शास्त्र त्यांच्या वाचनांत आलें नव्हतें. तुम्ही हें कां करतां, असें विचारतां एका भगिनीनें येशू व शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील भेट वाचून दाखविली. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीकडील विद्वान ब्राह्मण १८४८ मध्यें ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लेखानें रमाबाईंच्या बुद्धीचें समाधान झालें. मन मात्र फुलहॅमच्या त्या घरांत वळलें होतें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथें संपत नाहीं. आपल्याकडील निंदक आणि तिकडील स्तुतिपाठक दोघेही येथेंच थांबतात, हा दोघांचाही दोष. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई मठांतील गुरुभगिनीशीं वर्षानुवर्षें पत्रांतून वाद घालीत राहिल्या. मी ख्रिस्ती झालें म्हणून माझी विवेकबुद्धि कोणाच्या हातीं दिलेली नाहीं, असा त्यांचा पवित्रा. अनंतशास्त्र्यांची मुलगी ती! आणि पुढें आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव सुमारें आठ वर्षांनीं आला. मधला काळ कोरडा होता, हें कबूल करण्यास त्यांना संकोच वाटला नाहीं. अध्यात्माविषयीं बोलणाऱ्यांत हा प्रामाणिकपणा दुर्मिळ असतो.

अमेरिकेंतून साह्य मिळवून १८८९ च्या मार्चमध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर असे थोर पुरुष सल्लागार होते. सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ह्याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. परंतु कांहीं मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसूं लागल्या, 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, १८९३ मध्यें सल्लागार मंडळानें अंग काढून घेतलें आणि पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या. पालकांची भीति निराधार होती असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं मुली पाठविल्या त्या विद्येसाठीं. रमाबाईंनीं आपल्या पूर्वधर्मावर जें लिहिलें तेंही सर्व मला मान्य नाहीं. पण ज्या विधवांना घरांत वपन आणि एकवेळचें अन्न ह्यांखेरीज आम्ही कांहीं दिलें नव्हतें, त्या प्रार्थनेला कां बसल्या, हा प्रश्न तेव्हां आम्हीं स्वतःस विचारावयास हवा होता.

१८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. सदनाच्या मर्यादा ठरलेल्या, पैसा बेताचा. ह्या कामांत पडूं नये असेंच कोणीही म्हटलें असतें. पण वीस-बावीस वर्षांपूर्वींच्या आपल्या दुष्काळाची आठवण रमाबाईंना स्वस्थ बसूं देईना. त्या स्वतः दुष्काळी भागांत गेल्या आणि अनाथ मुली व विधवा गोळा करून आणूं लागल्या. अशा शेंकडों जणी त्यांनीं आणल्या. हाडांचे सांपळे, डोक्यांत जखमा, अंगावर चिंध्या. कित्येक जणी चोरी करणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, अन्न लपवून ठेवणाऱ्या. त्यांना कोणत्या जातीच्या म्हणून विचारलें नाहीं. पुण्यांत प्लेग चालू असल्यामुळें तेथें इतकी माणसें ठेवणें अशक्य झालें. म्हणून दौंडच्या अलीकडे केडगांव येथें घेतलेल्या शंभर एकर उजाड जमिनीवर त्यांना नेलें. तेंच मुक्तिसदन. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

एवढ्यांना रोज दोन वेळां जेवूं घालणें म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वीस पानांची पंगत उठविणाऱ्या आमच्या भगिनींना वेगळें सांगावयास नको. विहिरी खणल्या, शेतें केलीं, गाईगुरें ठेविलीं. माग, तेलघाणा, छापखाना चालविला. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन आणि वृद्धांसाठीं प्रीतिसदन काढलें. आंधळ्यांच्या शाळेला तर शुभवर्तमानांतील बार्तीमय नांवाच्या आंधळ्याचें नांव दिलें. तेथें आंधळ्या मुली बोटांनीं वाचावयास शिकत. त्या कोणाच्या पापानें आंधळ्या झाल्या, ह्याची चौकशी करण्यास केडगांवीं कोणाला सवड नव्हती.

आयुष्याचीं शेवटचीं अठरा-एक वर्षें रमाबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतराला दिलीं. त्यासाठीं उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. पूर्वींचीं भाषांतरें संस्कृतप्रचुर आणि वेदांती शब्दांनीं भरलेलीं आहेत, तीं खेड्यांतील बाईस कळत नाहींत, हा त्यांचा आक्षेप. मला संस्कृताचें थोडें व्यसन असल्यामुळें त्यांचें कांहीं ठिकाणचें मराठी ओबडधोबड लागतें. पण ज्या बाईच्या जिभेवर अठरा हजार श्लोकांचें भागवत नाचत होतें तिनें जाणूनबुजून कुणब्याच्या घरची भाषा पत्करली, हें विसरतां येत नाहीं. त्या ग्रंथाचे खिळे जुळविले मुक्तिसदनांतील मुलींनीं. त्यांतल्या पुष्कळ जणी दुष्काळांतून उचलून आणलेल्या.

कान जवळजवळ गेलेलेच होते. मनोरमा ही आईचा उजवा हात. शाळा, पत्रव्यवहार, हिशेब सर्व तिच्याकडे, आणि आपल्यामागें संस्था तिनें सांभाळावी अशी आईची इच्छा. १९२१ च्या जुलैंत ती चाळीस वर्षांची होऊन वारली. रमाबाई तेव्हां त्रेसष्ट वर्षांच्या. भाषांतराचें काम अजून उरलें होतें. त्यांनीं तें पुढें चालू ठेविलें, आणि शेवटचीं मुद्रितें तपासून होईपर्यंत आयुष्य मागून घेतलें असें केडगांवकडे सांगतात. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं झोंपेंतच त्यांचा अंत झाला. छापून पूर्ण झालेला ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला. मुक्तिसदन अजून चालू आहे.